एचपीव्ही पॉझिटिव्ह, पेशी नॉर्मल, "१२ महिन्यांनी या". घाबरू की विसरू?

सायली_नाशिक | १९ ऑगस्ट २०२३, रात्री ११:४०

आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४२. त्रास काहीच नाही. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये यंदा पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही (तिथल्या विषाणूची तपासणी) दोन्ही होतं, फुकट आहे म्हणून केलं, खोटं कशाला बोलू. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी भाजीवाल्यासमोर उभी, हातात मेथीची जुडी. पीडीएफ उघडली तर पहिलंच दिसलं ते लाल रंगातलं "पॉझिटिव्ह". मेथी तिथेच ठेवून घरी आले.

घरी येऊन नीट वाचलं. एचपीव्ही १६ आढळला नाही. १८ आढळला नाही. इतर १२ हाय रिस्क प्रकार, आढळले. पॅपच्या रकान्यात पेशी नॉर्मल. तळाला बारीक अक्षरात सल्ला, १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, दोन. "मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." तीन मिनिटांत बाहेर.

एक कागद म्हणतो वर्षभर काही करू नका, दुसरं माणूस म्हणतं पिशवी काढा. या दोन्हींच्या मध्ये काही असतं का? आणि वर्षभर मी काय करायचं, नुसती वाट बघायची?

---

चहाबाज | २० ऑगस्ट, सकाळी ७:०५

डॉक्टर नाही, पण आधी ती मेथी आणा परत. दुसरं मत घ्या, घाईने काही कापू नका. जाणकार येतीलच.

---

स्लाइडवाली | २० ऑगस्ट, दुपारी २:२०

सायली, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दिवसभर याच स्लाइड्स बघते. तुझा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, फक्त तो कागद कसा वाचायचा ते सांगते.

एचपीव्हीची तपासणी तुला कॅन्सर आहे का हे सांगतच नाही. ज्या विषाणूमुळे तो पुढेमागे होऊ शकतो, तो आज तिथे आहे का, एवढंच सांगते. हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होतो आणि बहुतेकांचा दीड-दोन वर्षांत शरीर आपणच निस्तरतं. न निस्तरता जो ठाण मांडून बसतो, तो त्रासाचा. म्हणजे प्रश्न "आहे का" हा नसून "टिकलाय का" हा आहे, आणि टिकलाय का हे एका तपासणीत कळूच शकत नाही. म्हणून १२ महिने. ती टाळाटाळ नव्हे, वर्षभराचं अंतर हाच त्या तपासणीचा दुसरा अर्धा भाग आहे.

आता प्रकार. १६ आणि १८ हे दोघे मिळून जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर घडवतात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४मध्ये हे दोन प्रकार ट्यूमरमध्ये शोधले, त्याबद्दल २००८चं नोबेल मिळालं. अमेरिकेत पोर्टलंडला २० हजारांवर बायकांवर १० वर्षं लक्ष ठेवलं होतं. सुरुवातीला १६ असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के बायकांमध्ये पुढे सीआयएन ३ किंवा त्याहून गंभीर काही सापडलं. १८ असलेल्यांत साधारण १४ टक्के. तुझ्यासारख्या "इतर" गटात ३ टक्के. निगेटिव्ह असलेल्यांत १ टक्क्याहूनही कमी.

आणि सीआयएन ३ म्हणजेही कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी. ती पायरी किती खरी आहे हे ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात फार वाईट पद्धतीने कळलं. १९६० आणि ७०च्या दशकांत तिथे काही बायकांना सीआयएन ३ असूनही पुरेसे उपचार न देता नुसतं "बघत" राहिले. त्यांतल्या सुमारे ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात १ टक्क्याहून कमी.

म्हणजे वाट बघणं केव्हा शहाणपणाचं आणि केव्हा गुन्हा, हे तू कुठल्या पायरीवर आहेस त्यावर ठरतं. तू पहिल्या पायरीच्याही अलीकडे अंगणात आहेस.

पिशवीबद्दल संध्याकाळी लिहिते. त्यावर माझा आवाज चढतो, आणि आत्ता लॅबमध्ये आहे.

---

अण्णा_जळगाव | २० ऑगस्ट, दुपारी ४:१५

३ टक्के म्हणजे शंभरात तीन. हे कमी आहे असं तुम्ही म्हणता, पण त्या तिघींत आपली बायको असेल तर? एवढंच असेल तर लगेच कॉल्पोस्कोपी, म्हणजे ती दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघायची तपासणी, करून मोकळं का होऊ नये? शंका प्रामाणिक आहे, राग मानू नका.

---

स्लाइडवाली | २० ऑगस्ट, रात्री ९:३०

अण्णा, शंका रास्त आहे, आणि मार्गदर्शक तत्त्वं लिहिणाऱ्यांनी नेमकं हेच गणित मांडलंय. अमेरिकेची २०१९ची तत्त्वं "रिपोर्ट काय आला" यावर न थांबता "आज या बाईला सीआयएन ३ किंवा पुढचं असण्याची शक्यता किती" इथून सुरू होतात. ती ४ टक्के किंवा जास्त असेल तर कॉल्पोस्कोपी, कमी असेल तर ठराविक काळाने पुन्हा तपासणी. एचपीव्ही पॉझिटिव्ह आणि पेशी नॉर्मल, आधीचा इतिहास माहीत नाही, अशा बाईची शक्यता २ टक्क्यांच्या आसपास. वर्षाने पुन्हा तसाच रिपोर्ट आला की ती ४च्या किंचित वर जाते. पेशी तेव्हाही नॉर्मलच, पण विषाणू टिकला एवढ्यानेच रांग बदलते. १६ किंवा १८ निघाला तर मात्र पेशी कशाही असोत, थेट कॉल्पोस्कोपी. डेन्मार्कमध्ये दोन तपासण्यांत लागोपाठ १६ सापडलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांना १२ वर्षांत सीआयएन ३ किंवा पुढचं काही निघालं. टिकणं म्हणजे काय, ते या आकड्यात दिसतं.

लगेच सगळ्यांची कॉल्पोस्कोपी का नाही? शंभरातल्या ९७-९८ जणींना ते टेबल, ती बायोप्सी, तो आठवडाभराचा घोर फुकट. आणि जे डाग आपोआप जाणार होते त्यांच्यावरही उपचार होऊन बसतात. तरुण मुलीवर गरज नसताना लीप, म्हणजे गर्भाशयमुखाचा खराब भाग तारेने कापून काढणं, केलं तर पुढे बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो.

आता पिशवी. एचपीव्ही पॉझिटिव्ह हे गर्भाशय काढण्याचं कारण नाही. पिशवी गेली म्हणून विषाणू जात नाही, तो योनिमार्गातही राहतो. दुसरं, कॉल्पोस्कोपी न करता साधी पिशवी काढली आणि आत खरोखरच कॅन्सर लपलेला असला, तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. अशा पिशव्या माझ्या टेबलावर येतात. बरणीवर लिहिलेलं असतं "पांढरं जाणं", आणि काचेखाली दिसतं भलतंच. त्या संध्याकाळी घरी जाऊन जेवण जात नाही.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती निघाल्या, त्यावर २०१९मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. "कटकट मिटेल" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय.

---

आशा_बार्शीरोड | २१ ऑगस्ट, रात्री १०:१०

नमस्कार. मी आशा आहे, धाराशिव जिल्ह्यात, बार्शीकडच्या बाजूला. मोबाईलवर लिहिते, चुका असतील.

तुम्ही सगळ्या परदेशातलं सांगताय. पण एचपीव्हीची सगळ्यात मोठी परीक्षा तर आमच्याच जिल्ह्यात झाली. १९९९ला सुरू झाली, तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. टाटा हॉस्पिटल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बाया. माझी सासू पण त्यात होती, तिला अजून "ती कापसाची तपासणी" एवढंच आठवतं.

---

स्लाइडवाली | २१ ऑगस्ट, रात्री १०:४०

ताई, लाज वाटली मला. जगभर हाच अभ्यास सांगतात आणि मी पोर्टलंडला जाऊन बसले.

इतरांसाठी थोडक्यात. चार गट होते. एकात एचपीव्ही, एकात पॅप, एकात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं म्हणजे व्हीआयए, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था, जी जवळपास नव्हतीच. २००९मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. चौथ्या गटात ६४, एचपीव्हीच्या गटात ३४. बाकी दोन पद्धतींनी तेवढा फरक पडला नाही. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही यावर नंतर वादही झाला, आणि तो वाद मला योग्य वाटतो.

पण मला त्यातला दुसराच आकडा आवडतो. निगेटिव्ह आलेल्या २४,३८० बायकांपैकी पुढच्या आठ वर्षांत फक्त आठ जणींना कॅन्सर निघाला. पॅप निगेटिव्ह आलेल्यांत हेच प्रमाण चौपट होतं. एचपीव्ही निगेटिव्ह आली की पाच वर्षं निवांत राहा, असं आम्ही छातीठोक सांगतो ते याच जोरावर. जागतिक आरोग्य संघटना तर ३०नंतर दर ५ ते १० वर्षांनी पुरे म्हणते. एचआयव्ही असेल तर लवकर सुरुवात आणि जास्त वेळा.

---

आशा_बार्शीरोड | २१ ऑगस्ट, रात्री ११:२५

मॅडम, आकडे तुमचे बरोबर. पण "१२ महिन्यांनी या" हे गावात कसं चालतं ते सांगू का.

आमच्याकडं आता व्हिनेगरची तपासणी होते, शिबिरात. पांढरं दिसलं की जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणून चिठ्ठी. माझ्या वहीत आत्ता ७ बाया आहेत पांढरं दिसलेल्या. त्यांना पाठवायचं काम माझं. नंबर लिहून घेतला तर तो पोराचा असतो. पोरगं पुण्यात, सिम बदलतं. बाई म्हणते, मला काही दुखत नाही, मग जाऊ कशाला. एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. आणि दिवाळी झाली की टोळ्या तोडीला जातात, कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. पाच-सहा महिने कुलूप. तारीख त्यात पडली की संपलं.

एकीच्या नवऱ्यानं चिठ्ठी फाडली. म्हणाला, हिला "तसला" रोग कसा झाला.

पॉझिटिव्हनं बाई मरत नाही. परत न आल्यानं मरते. आमच्या मीटिंगमध्ये किती तपासल्या हे विचारतात, किती परत आल्या हे कुणी विचारत नाही.

---

अनामिक_ओवी | २२ ऑगस्ट, पहाटे १:५०

मूळ आयडी वापरत नाहीये. ताईंच्या त्या चिठ्ठीवरून लिहायची हिंमत झाली.

माझा रिपोर्ट मार्चमध्ये आला, १६ पॉझिटिव्ह. नवऱ्याने गुगल केलं आणि चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी माझा फोन तपासला. लग्नाला १७ वर्षं झाली आहेत. मी कॉल्पोस्कोपीला अजून गेलेले नाही, कारण गेले तर "म्हणजे काहीतरी आहेच" असं होईल. बावळटपणा आहे, कळतंय मला.

---

स्लाइडवाली | २२ ऑगस्ट, सकाळी ६:४५

ओवी, आधी हे त्याला वाचून दाखव किंवा पुढे पाठव.

हा विषाणू कधी आला हे जगातली कोणतीही लॅब सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही. वर्षानुवर्षं इतका निपचित राहतो की तपासणीतही दिसत नाही, आणि मग पुन्हा डोकं वर काढतो. एकच जोडीदार असलेल्या बाईलाही होतो. हा चारित्र्याचा दाखला नव्हे. आणि पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही, त्यामुळे कागद नेहमी बाईच्याच नावाने येतो, ही यातली खरी गोची.

आता तुझ्यासाठी. तुझं सायलीसारखं नाही. १६ आहे, मार्चपासून पाच महिने गेले. या आठवड्यात वेळ घे. घरी काय सांगायचं ते नंतर.

---

थेम्सकाठी | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ५:००

ओवी, जा गं. मी लंडनमध्ये आहे. इथे २०१९च्या शेवटापासून आधी एचपीव्हीच तपासतात, पॉझिटिव्ह असेल तरच पेशी बघतात. मी सायलीच्याच जागी होते. वर्षाने पत्र आलं, पुन्हा पॉझिटिव्ह. आणखी वर्षाने तिसऱ्यांदा पॉझिटिव्ह, मग कॉल्पोस्कोपी. काही निघालं नाही. सायली, इथे दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या खेपेला पाठवतात, त्यामुळे नेटवर वेगवेगळं वाचून गोंधळू नकोस. देशागणिक रांग वेगळी, तत्त्व तेच.

माझं कर्तृत्व एवढंच की पत्र आल्यावर गेले. तारीख मी लक्षात ठेवलीच नव्हती, सरकारने ठेवली. पुण्यातल्या बहिणीला कोण पत्र पाठवणार?

---

चहाबाज | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२०

कालनिर्णय! आमच्याकडे सिलिंडर, दूध, सगळं त्यावरच.

---

सायली_नाशिक | २३ ऑगस्ट, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. काल पाच दिवसांनी नीट झोपले. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना भेटले, त्याही म्हणाल्या, वर्षाने या, पिशवीला हात लावायचा नाही. मुलगी १३ वर्षांची आहे, तिला लस द्यायचं ठरलं. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारीत आलीय, तिच्या वयाला दोन डोस पुरतात. मला आत्ता घेऊन आहे तो विषाणू जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

चहाबाज, कालनिर्णयवर लिहिलंय. ओवी, तू कळव.

---

अनामिक_ओवी | ३० सप्टेंबर २०२३

सीआयएन ३ निघालं. लीप झालं, भूल देऊन, अर्ध्या दिवसात घरी. बायोप्सीच्या कडा स्वच्छ आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही, आणि नंतरही बरीच वर्षं लक्ष ठेवायचंय. डॉक्टर म्हणाल्या, निदान २५ वर्षं. मी हसले. तेव्हा मी ६४ची असेन.

नवरा बरोबर आला होता. बाहेर बसून होता, बोलला काही नाही. डबा मात्र त्याने आणला.

---

सायली_नाशिक | २६ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:१५

धागा वर काढतेय. शिव्या खायला तयार आहे.

मी ऑगस्टमध्ये गेले नाही. झालं असं की २०२३च्या कालनिर्णयवर ऑगस्ट २०२४ लिहिणार कुठे? म्हणून डिसेंबरच्या पानामागे लिहिलं, मोठ्या अक्षरात, गोल करून. जानेवारीत नवीन कालनिर्णय लागलं, जुनं रद्दीत गेलं. मग मुलाची दहावी, सासऱ्यांचा मोतीबिंदू. सुशिक्षित, ऑफिसला जाणारी, हा अख्खा धागा स्वतः काढलेली बाई मी. आशाताईंच्या वहीतल्या बायांना मनातल्या मनात जे म्हटलं होतं, ते परत घेते.

या महिन्यात गेले. पुन्हा पॉझिटिव्ह, तोच "इतर" गट, पेशी नॉर्मल. मग कॉल्पोस्कोपी. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी सांगते. पॅपसारखंच टेबल, फक्त वेळ जास्त, मला दहा-बारा मिनिटं लागली. आधी व्हिनेगरसारखं पाणी लावतात, खोलीभर पाणीपुरीच्या गाडीवर येतो तसला वास. थोडं चुरचुरतं. समोर स्क्रीन होता, डॉक्टरांनी विचारलं, बघायचंय का. बघितलं. गुलाबी गोल, ओल्या पेढ्यासारखा, आणि घड्याळात दोन वाजतात त्या जागी नखाएवढा पांढरा डाग, हळूहळू उमटत गेला. मग आयोडीन लावलं, बाकीचं सगळं गडद तपकिरी झालं, तो डाग पिवळाच राहिला. तिथून चिमटा घेतल्यासारखा तुकडा काढला. दोन दिवस पॅड लागलं, बस.

रिपोर्ट सीआयएन १. डॉक्टर म्हणाल्या, हे बहुतेक वेळा आपोआप जातं, उपचार नको, वर्षाने पुन्हा.

---

स्लाइडवाली | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

शिव्या नाहीत. तीन महिने उशीर तुझ्या गटात फार मोठा नाही. पाच वर्षं उशीर झाला असता तर आवाज चढवला असता. सीआयएन १ म्हणजे विषाणू तिथे काम करतोय एवढंच, त्याला खऱ्या अर्थाने कॅन्सरपूर्व म्हणतही नाहीत. आता तारीख फोनमध्ये टाक, आणि मुलीच्याही फोनमध्ये.

---

सायली_नाशिक | २७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

२०२५चं कालनिर्णय परवाच आणलंय. नोव्हेंबरच्या पानावर, सिलिंडरच्या चौकोनाशेजारी. या वेळी तारीख मावली.

आशाताई, तुमच्या त्या सात जणींचं काय झालं?

---

आशा_बार्शीरोड | २८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सायलीताई, आठवण ठेवली, बरं वाटलं.

चार जाऊन आल्या. एकीचा तो पांढरा डाग तिथंच मशीननं शेकून दिला, तिला आता बरं आहे. एकीला मीच घेऊन गेले, भाडं मी भरलं. जिच्या नवऱ्यानं चिठ्ठी फाडली ती नाही गेली, पण तिची जाऊ गेली. दोघी तोडीला, मतदान करून टोळ्या गेल्या त्यात. एप्रिलमध्ये येतील तेव्हा बघते. नंबर या वेळेस मुकादमाचा पण घेऊन ठेवलाय.